मुलांना घेऊन शियामेनला: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

चीनच्या आग्नेय किनाऱ्यावर, तैवानच्या समोर शियामेन हे शहर आहे. जुनं शहर एका बेटावर वसलेलं, उपनगरं पलीकडच्या जमिनीवर. दिवाळीच्या सुट्टीत मुलाबाळांसह तिथे जाऊ इच्छिणाऱ्या नाशिककरांची पत्रं आमच्याकडे साठली होती. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. भाव युआनमध्ये आहेत. एक युआन म्हणजे साधारण 12 ते 13 रुपये धरा.

प्रश्न: मुलं 5 आणि 9 वर्षांची आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत जावं की दिवाळीत? (गंगापूर रोड)

दिवाळीत. यात फार विचार करण्यासारखं नाही. मार्च-एप्रिलमध्ये समुद्रावर दाट धुकं येतं आणि बोटी थांबतात. 1 मेपासून चीनमध्ये कामगार दिनाची सुट्टी असते, तेव्हा तिकिटापासून स्वच्छतागृहापर्यंत सगळीकडे रांग. मे-जूनमध्ये पाऊस. जुलै ते सप्टेंबर हे वादळांचे महिने. 15 सप्टेंबर 2016 च्या पहाटे 'मेरांती' नावाचं वादळ थेट शियामेनवरच धडकलं होतं. ऑक्टोबरचा पहिला आठवडा तर विसराच. 1 तारखेपासून राष्ट्रीय सुट्टी असते आणि अख्खा देश फिरायला निघतो.

2026 ची दिवाळी 8 नोव्हेंबरला आहे, म्हणजे ती गर्दी ओसरून महिना झालेला असेल. हवा कोरडी, दुपारी अर्ध्या बाह्यांचे कपडे पुरतात, संध्याकाळी वाऱ्यावर मुलांना पातळ जाकीट लागतं. ऑक्टोबरात जाणार असाल तर हवामानाचा इशारा रोज बघा. निळा, पिवळा, नारिंगी, लाल अशी चढती श्रेणी असते. नारिंगी लागला की बोटी आणि बागा बंद होतात असं समजूनच चाला. म्हणून बोटीने करायची गुलांगयू बेटाची सहल शेवटच्या दिवशी ठेवू नका, मागे एक मोकळा दिवस हवा.

आणखी एक: चीनचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. घरी सातला उठणारं मूल तिथे साडेनऊला उठेल. पहिल्या दोन दिवसांत सकाळी आठची बोट काढलीत तर भांडण ठरलेलं.

प्रश्न: व्हिसा कसा काढायचा? मुलांचे वेगळे कागद लागतात का? हाँगकाँगमार्गे गेलो तर चालेल का? (इंदिरानगर)

भारतीय पासपोर्टवर शियामेनला व्हिसाशिवाय जाता येत नाही. काही देशांच्या नागरिकांना चीन 30 दिवस किंवा प्रवासात थांबण्यासाठी 240 तास व्हिसामाफी देतो; त्या याद्यांत भारत नाही. इंटरनेटवर 'चीन आता व्हिसा-फ्री' असं वाचून कुणी निर्धास्त राहू नये.

बाळ असलं तरी स्वतंत्र पासपोर्ट, स्वतंत्र अर्ज, स्वतंत्र व्हिसा. पासपोर्टची मुदत किमान 6 महिने शिल्लक हवी, आणि मुलांच्या बाबतीत नेमकं इथेच अडतं, कारण लहान मुलांचा पासपोर्ट 5 वर्षांचाच असतो. नवा काढायचा असेल तर नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रात आई-वडील दोघांच्या सहीचं 'अनेक्शर डी' हे घोषणापत्र लागतं. व्हिसाचा अर्ज ऑनलाइन भरायचा आणि पुढचं काम मुंबईच्या केंद्रातून होतं. सोबत विमानाचं येण्याजाण्याचं आणि हॉटेलचं आरक्षण, बँकेचा खातेउतारा, नोकरी-व्यवसायाचा पुरावा, मुलासाठी जन्मदाखला आणि आई-वडिलांच्या पासपोर्टच्या प्रती. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा. आई किंवा वडील एकटेच मुलाला नेत असतील तर दुसऱ्याचं संमतिपत्रही ठेवा.

फोटो 33 बाय 48 मिलिमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीचा. मुलांचे फोटो परत येतात ते बहुतेक दोन कारणांनी: शाळेचा पांढरा शर्ट पार्श्वभूमीत मिसळतो, किंवा केसांखाली कान-भुवया झाकल्या जातात. गडद शर्ट घाला, केस मागे घ्या.

अर्ज कधी करायचा? एकदाच प्रवेशाचा व्हिसा साधारण 3 महिन्यांत वापरावा लागतो, म्हणून जूनमध्ये घाई नको. पण चिनी कार्यालयं 1 ऑक्टोबरच्या सुट्टीत बंद असतात, तेव्हा सप्टेंबरच्या मध्यापर्यंत अर्ज गेलेला बरा.

मुंबईहून हाँगकाँग, सिंगापूर, बँकॉक किंवा क्वालालंपूरमार्गे जाता येतं. ऑक्टोबर 2025 पासून भारत-चीन थेट विमानं पुन्हा सुरू झाली. कोलकाता आणि दिल्लीहून ग्वांगझौला जाता येतं. हाँगकाँगला विमानतळाबाहेर न पडता फक्त विमान बदलणार असाल तर वेगळं काही लागत नाही. बाहेर पडणार असाल, म्हणजे पुढे रेल्वेने जाणार असाल तरीही, प्रत्येकाने आधी हाँगकाँगची ऑनलाइन पूर्वनोंदणी करायला हवी. मुलाचीही वेगळी. नोंदणी फुकट असते आणि बहुतेकदा निकाल लगेच दिसतो. नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे तंतोतंत असू द्या.

आता खरा सापळा. एकदाच प्रवेशाच्या व्हिसावर शियामेनला गेलात, मग दोन दिवस हाँगकाँग बघून पुन्हा शेन्झेन किंवा ग्वांगझौला यायचं ठरवलंत, तर व्हिसा संपलेला असतो. हाँगकाँगला जाणं म्हणजे मुख्य भूमीतून बाहेर पडणं. असा बेत असेल तर दोनदा प्रवेशाचा व्हिसा मागा. शियामेनच्या किनाऱ्यावरून समोर दिसणारं किनमेन बेटही तैवानच्या ताब्यात आहे. तिथे बोट अर्ध्या तासात जाते, पण तुमच्यासाठी ती वाट नाही. लांबून बेट दाखवून परत आणणाऱ्या फेरीबोटी असतात, मुलांची हौस त्यावर भागते.

चीनमध्ये उतरताना भरायचं आगमनपत्र 20 नोव्हेंबर 2025 पासून ऑनलाइन भरता येतं. मुलांची पत्रंही घरूनच भरून ठेवा. उतरल्यावर पेंगणारं मूल कडेवर घेऊन पेन शोधणं कठीण जातं.

मुलांच्या दप्तरात भूगोलाचं पुस्तक किंवा नकाशासंग्रह जाऊ देऊ नका. सीमारेषा त्यांच्या दृष्टीने चुकीच्या दाखवणारे नकाशे चिनी कस्टम्स जप्त करतं, आणि आपल्या पुस्तकातल्या भारताच्या नकाशावर अरुणाचल आणि अक्साई चीन असतातच.

प्रश्न: तिथे म्हणे रोख पैसे कुणी घेत नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही. मग काय करायचं? (नाशिक रोड)

दोन्ही गोष्टी अर्ध्या खऱ्या. चीनमध्ये लोक पैसे द्यायला फोनवरची अलीपे आणि वीचॅट पे ही अ‍ॅप वापरतात आणि परदेशी व्हिसा-मास्टरकार्ड त्यांना जोडताही येतं. 200 युआनपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, त्यापुढे 3 टक्के. पण भारत सरकारने 2020 मध्ये दोन्ही अ‍ॅपवर बंदी घातली, त्यामुळे नाशिकमध्ये बसून ती फोनवर घेऊन, कार्ड जोडून तयार राहता येत नाही. दुसऱ्या देशातून चीनला जाऊन आलेल्या भावाबहिणींचे सल्ले इथेच फसतात. आमचं मत सरळ आहे: मुलं सोबत असताना सहलीची मदार अ‍ॅपवर ठेवू नका, रोख आणि कार्डावर ठेवा.

रोख नाकारण्याला चीनमध्ये कायद्याची परवानगी नाही. अडचण असते ती सुट्ट्या पैशांची, कारण दुकानदाराच्या गल्ल्यात चिल्लरच नसते. 100 ची नोट सर्वांत मोठी. विमानतळावरच्या किंवा शहरातल्या मोठ्या बँकेत 10 आणि 20 च्या नोटा मागून घ्या; परदेशी पाहुण्यांसाठी बँका सुट्ट्या पैशांची पाकिटंही देतात. हॉटेल आणि विमान आधीच भरलेलं असेल तर जेवण, टॅक्सी, तिकिटं यांना चौघांच्या कुटुंबाला रोज 600 ते 800 युआन धरून चाला. परकीय चलनाच्या अधिकृत विक्रेत्याकडे युआन लगेच मिळतीलच असं नाही, आठवडाभर आधी मागणी नोंदवा. नाही मिळाले तर डॉलर न्या आणि तिथे बदला. एका प्रवासात एकाला जास्तीत जास्त 3,000 डॉलरइतकं परकीय चलन रोख नेता येतं. सोबत दोन वेगळ्या बँकांची कार्डं, दोन्हींवर परदेशी व्यवहार चालू केलेले. रुपे कार्डावर विसंबू नका.

फोनचं म्हणाल तर स्थानिक सिमवर किंवा हॉटेलच्या वायफायवर गुगल, जीमेल, व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब, इन्स्टाग्राम बंद. तुमच्या भारतीय सिमचं रोमिंग घेतलंत तर हे सगळं चालतं, कारण रोमिंगची माहिती आपल्या कंपनीच्या जाळ्यातून फिरून येते. त्यामुळे आई-वडिलांपैकी निदान एकाच्या फोनला रोमिंग पॅक घ्याच. बँकेचा ओटीपीही त्याच नंबरवर येणार आहे. रोमिंगचा डेटा मात्र मुलांच्या व्हिडिओंवर उडतो. पाच वर्षांच्या मुलासाठी गोष्टी-गाणी घरून निघण्याआधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये चिनी भाषाही ऑफलाइन घ्या. गुगल मॅप्स चालला तरी तिथले रस्ते सरकलेले दिसतात. आयफोनमधला अ‍ॅपल मॅप्स चांगला चालतो.

पॉवर बँकेबद्दल कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. 28 जून 2025 पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत '3सी' हे चिनी सुरक्षा प्रमाणपत्राचं चिन्ह नसलेली पॉवर बँक नेता येत नाही आणि आपल्याकडच्या बहुतेकांवर ते चिन्ह नसतं. ग्वांगझौहून शियामेनला विमानाने जाणार असाल तर ती सुरक्षा तपासणीत काढून घेतील. रेल्वेने जा, किंवा तिथेच एक विकत घ्या.

प्रश्न: आम्ही शाकाहारी. सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. मुलं आठवडाभर काय खाणार? (पंचवटी)

गंमत म्हणजे सासूबाईंची सोय सर्वांत चांगली होईल. शियामेन विद्यापीठाशेजारी नानपुतुओ हे मोठं बौद्ध मंदिर आहे आणि त्याच्या आवारात शाकाहारी भोजनगृह आहे. चिनी बौद्ध परंपरेच्या स्वयंपाकात मांस-मासे तर नसतातच, कांदा-लसूणही नसतो. मश्रूम, टोफू, कमळकंद, भाज्या, शेवया. काही पदार्थ कोंबडी-माशाच्या आकाराचे केलेले असतात. ते सोयाचे किंवा गव्हाच्या सत्त्वाचे आहेत हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, म्हणजे ताट परत जाणार नाही. जैन कुटुंबांनी कंदमुळांचं बघून घ्यावं. दुपारी साडेअकरालाच पोहोचा, दीडनंतर चिनी स्वयंपाकघरं आवरायला लागतात.

इतर हॉटेलांत 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. त्याचा अर्थ मांसाचे तुकडे नकोत असा घेतला जातो. हिरवी भाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, वर शिंपल्यांचा सॉस असतो. नूडल्सचं पाणी हाडांचं किंवा सुक्या कोळंबीचं. शियामेनची प्रसिद्ध 'शाचा' नूडल्स शेंगदाण्याच्या वासाने मुलांना ओढतील, पण त्या रश्शात मासळी असते. म्हणून भाषांतराच्या अ‍ॅपवर एक मजकूर करून, मोठ्या अक्षरांत त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा: मांस नको, मासे-कोळंबी नको, शिंपल्यांचा सॉस नको, जनावराची चरबी नको, हाडांचं किंवा मासळीचं सूप नको, तेल वनस्पतीचंच हवं. अंड्याबद्दल वेगळी ओळ. हा फोटो वेटरला नाही, स्वयंपाक्याला दाखवायला सांगा.

मुलांना हमखास आवडेल असा एक स्थानिक पदार्थ म्हणजे शेंगदाण्याचं गोड सूप. सालं काढलेले दाणे साखरेच्या पाण्यात इतके शिजवतात की आख्खा दिसणारा दाणा जिभेवर ठेवताच विरघळतो, आणि पाणी दुधासारखं पांढरट होतं. न्याहारीला गरम वाटी मिळते. त्यात कच्चं अंडं फोडून घालायची पद्धत आहे, म्हणून अंडं नको हे आधीच सांगा. झोंगशान रोडच्या परिसरात ते सहज मिळतं. शिवाय वाफवलेला भात, उकडलेलं कणीस, भाजलेलं रताळं, सोयादूध, फळं. सारण नसलेला वाफेवरचा पाव चालतो, पण तसाच दिसणाऱ्या दुसऱ्या पावात खिमा असतो. फोडून बघितल्याशिवाय मुलाच्या हातात देऊ नका.

हॉटेलच्या प्रत्येक खोलीत पाणी उकळायची किटली असते, त्यावर बरंच भागतं. उपम्यासाठी बारीक रवा खमंग भाजा. मोहरी, कढीपत्ता, उडीद डाळीची कोरडी फोडणी, मीठ, थोडी साखर मिसळून, गार झाल्यावर पिशव्या भरा. तिथे घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात एक वाटी मिश्रणाला दोन वाट्या खळखळतं पाणी, ढवळून झाकण, 8 ते 10 मिनिटं. जाड रवा घेतलात तर कचकच राहते. भाजणं कमी पडलं तर गोळा होतो. किटलीतच काही शिजवू नका. तळ जळतो आणि भरपाई द्यावी लागते.

ठेपले, चिवडा, कोरडी चटणी, मेतकूट न्यायला हरकत नाही. फळं, लोणी, चीज, पनीर यांना कस्टम्सची मनाई आहे. दिवाळीचा फराळ नेताना अनारसे आणि खसखस घातलेल्या करंज्या घरीच ठेवा: सिंगापूर किंवा दुबईमार्गे जाणार असाल तर तिथे खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात येते.

प्रश्न: गुलांगयू बेटावर बाबागाडी आणि गुडघे दुखणारी आजी, दोन्ही नेता येतील? (सिडको)

आजी हो, बाबागाडी नको. गुलांगयू हे जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं बेट, 2017 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत. मोटारी नाहीत, सायकलीसुद्धा नाहीत, मुलांना रस्त्यात मोकळं सोडता येतं आणि आमच्या मते मुलांसाठी शहरातली सर्वांत चांगली जागा हीच. पण गल्ल्या चढउताराच्या, मध्येच पायऱ्या. बाबागाडी उचलून उचलून हात भरून येतात. बाळाला पोटाशी बांधायची झोळी न्या. आजींसाठी किनाऱ्याच्या रस्त्याने फिरणाऱ्या विजेच्या गाड्या आहेत, त्या गल्ल्यांत मात्र शिरत नाहीत.

बोटीचा घोळ समजून घ्या. झोंगशान रोडच्या टोकाला जो धक्का दिसतो तो दिवसा स्थानिक रहिवाशांसाठी आहे. टॅक्सीवाला विचार न करता तिथेच सोडतो. पर्यटकांची बोट दोंगदूच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ केंद्रातून सुटते, तेव्हा त्याचं नाव चिनी अक्षरांत चालकाला दाखवा. साधं तिकीट येण्याजाण्याचं मिळून 35 युआन, प्रवास 20 मिनिटांचा. तिकीट पासपोर्टच्या नावावर आणि ठरावीक वेळेचं असतं. दिवसाच्या प्रवाशांना मर्यादा आहे, म्हणून दोन-तीन दिवस आधी काढा. अ‍ॅप नसेल तर हॉटेलच्या स्वागतकक्षाला विनंती करा. मूळ पासपोर्ट सोबत हवेत, मुलांचेही.

सूर्यप्रकाश खडक 92.7 मीटर उंच आहे. शेवटचा जिना अरुंद आणि गर्दीचा. आजींनी खाली बसावं, पाच वर्षांच्या मुलाचा हात सोडू नये. त्यापेक्षा शूचुआंग बाग बरी. तिथे जुन्या पियानोंचं संग्रहालय आहे आणि शेजारीच वाळूचा किनारा. खडक आणि बाग एकाच दिवशी कोंबण्याचा हट्ट धरू नका.

प्रश्न: रेल्वेत मुलांचं तिकीट वयावर की उंचीवर? (महात्मानगर)

2023 पासून वयावर. 6 ते 14 वर्षांना सवलतीचं तिकीट आणि स्वतःची जागा. 6 पेक्षा लहान असं एक मूल एका मोठ्या माणसासोबत फुकट, पण जागा मिळत नाही आणि तिकीट काढताना त्याचं नाव-पासपोर्ट नोंदवावंच लागतं. न नोंदवता गेलात तर फाटकावर अडवतात. हाँगकाँग ते शियामेन चार तासांच्या आसपास लागतात. एवढा वेळ पाच वर्षांचं मूल मांडीवर घेणार नसाल तर त्याचंही तिकीट काढा. विक्री 15 दिवस आधी उघडते. तिकीट पासपोर्टशी जोडलेलं असतं, त्यामुळे स्वयंचलित फाटक सोडून कर्मचारी बसलेल्या रांगेत उभं राहा. डब्यात उकळतं पाणी फुकट मिळतं, उपम्याचा डबा हाताशी ठेवा.

बाग, संग्रहालयांत मात्र अजून उंची बघतात. 1.2 मीटरची खूण भिंतीवर रंगवलेली असते. उंच मुलाचं वय कमी असेल तर पासपोर्ट दाखवा.

अनेक गाड्या शियामेन उत्तर स्थानकाला थांबतात. ते जुनं शहर असलेल्या बेटाबाहेर आहे. तिथून मेट्रोची 1 क्रमांकाची लाइन घ्या. जिमेई आणि गाओछी यांच्या मध्ये ती जमिनीवर येऊन समुद्रातल्या बांधावरून धावते. टॅक्सीपेक्षा स्वस्त, आणि मुलं खिडकीला नाक लावून गप्प बसतात.

प्रश्न: समुद्रात पोहता येईल? (सातपूर)

वाळूत खेळा, घोट्याएवढ्या पाण्यात जा. नोव्हेंबरात पाणी गार असतं, ओढ असते आणि भरती-ओहोटीतला फरक मोठा आहे.

प्रश्न: मातीचे ते गोल वाडे, थुलौ, एका दिवसात होतील का? (देवळाली कॅम्प)

होतात, पण मुलं बघून ठरवा. शियामेन ज्या प्रांतात आहे त्या फूच्येनचे 46 थुलौ 2008 पासून जागतिक वारसा यादीत आहेत. शियामेनहून नानजिंग तालुक्यातल्या थ्येनलुओखेंगला एका बाजूने अडीच-तीन तास, शेवटचा रस्ता वळणांचा. सप्तशृंगगडाच्या घाटात ज्या मुलाला उलटी होते त्याला इथेही होणार, गोळी अर्धा तास आधी द्या. एक चौकोनी वाडा, भोवती तीन गोल आणि एक लंबगोल. वरच्या कठड्यावरून पाचही एका नजरेत येतात. अजून तिथे कुटुंबं राहतात, म्हणून बऱ्याच वाड्यांत वरच्या मजल्यांवर जाऊ देत नाहीत. 'वर चढायचं' हे आमिष मुलांना आधी दाखवू नका. सहा वर्षांखालचं मूल असेल तर आम्ही हा दिवस वगळू.

प्रश्न: मूल आजारी पडलं तर? (कॉलेज रोड)

रुग्णवाहिका 120, पोलीस 110. मोठ्या सरकारी रुग्णालयात जा. नोंदणीला पासपोर्ट लागतो आणि पैसे आधी भरावे लागतात, म्हणून विम्याची कागदपत्रं आणि पावत्या जपा. ताप, उलटी, जुलाबाची मुलाची नेहमीची औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. ओआरएसच्या पुड्या जास्तीच्या घ्या. नळाचं पाणी पिऊ नका. सार्वजनिक स्वच्छतागृहात बहुधा भारतीय बैठक असते, पण पाणी आणि कागद नसतो, पिशवीत दोन्ही हवं.

पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांकडे तक्रार, मग भारतीय वाणिज्य दूतावास. फूच्येन प्रांत ग्वांगझौच्या दूतावासाकडे येतो. हॉटेलात उतरलात तर पोलीस नोंदणी हॉटेल करतं. नातेवाइकांच्या घरी राहणार असाल तर 24 तासांत स्थानिक पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन करा, मुलांचीही. आणि हॉटेलचं चिनी अक्षरांतलं कार्ड, मागे तुमचा फोन नंबर देशाच्या 91 या क्रमांकासह लिहून, प्रत्येक मुलाच्या खिशात ठेवा. पँट बदलली की कार्डही बदलायचं, कारण ते नेमकं कालच्या पँटीत राहतं.